धाकटा येईपर्यंत

बाई, उद्या आमच्या दूध संस्थेची निवडणूक आहे आणि अध्यक्षपदाला मी उभी आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

कडा गावच्या शाळेतला तुमचा तो तास. नववीचा वर्ग पत्र्याखाली उकडतोय, हापशाला पाणी नाही. इतिहासाचं पुस्तक संपलं आहे आणि तुम्ही पुस्तकात नसलेल्या एका जर्मन उमराव घराण्यातल्या बाईची गोष्ट सांगताय. राज्य करणारा नवरा गेला, मुलगा लहान, मुलूख लढाईनं उजाड. सगळे म्हणाले, फौज मोडा, मिळेल तो तह करा. तिनं फौज मोडली नाही. हवा तसा तह होईपर्यंत थांबली. मुलगा वयात आला तेव्हा राज्य त्याच्या हाती दिलं आणि वर्षाच्या आत गेली. "अशा बाईला काय म्हणायचं?" तुम्ही विचारलंत. मी उठून म्हणाले, "कारभारीण." वर्ग हसून लोळला. आमच्याकडे नवरा बायकोला कारभारीण म्हणतो. मागून एक जण ओरडला, "म्हंजे भाकरी थापायची का बाई तिनं?" तुम्ही त्याला शांतपणे विचारलंत, "तुझ्या घरी कणगीत ज्वारी किती उरली, कुणाला ठाव हाय?" "आईला." "मग बस खाली." तोवर मीही बसले होते. "तू कावून बसलीस? बरोबर बोललीस ना? उभी राहा."

माझे यजमान संस्थेचे अध्यक्ष होते. ते गेले त्या साली पाऊस नव्हता; जनावरं छावणीत, माणसं ऊसतोडीला. संचालक म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ पुण्याहून येईपर्यंत तुमी फकस्त सह्या करा. मग म्हणाले, दूध संकलन बंद ठेवू, एका कॅनसाठी गाडी कावून बोलवायची? मी बंद ठेवलं नाही. गाडीनं एकदा गाव सोडलं की ती पुन्हा वळत नाही. बायका छावणीतून तांब्यात दूध घेऊन यायच्या, तेवढंच कॅनमध्ये ओतायचं आणि फाट्यावर नेऊन उभं राहायचं. आता गोठे भरलेत, गाडी दारात येते, आणि धाकटे दीरही आलेत. काल ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, लई केलं तुमी. आता आराम करा. खुर्ची आपल्या घरातच ऱ्हाईल."

"घरातच हाय की भावजी," मी म्हणाले. "चहा घ्या."

त्या दिवशी तास संपल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, तिनं राज्य परत का दिलं? तुम्ही हातावरचा खडू झटकत म्हणालात, "लेक होता तिचा." भावजी काही माझे लेक नाहीत, असं उद्या सभेत म्हणेन. लोक हसतील, काही मतंही देतील. पण हा कागद कुठल्याच पेटीत टाकायचा नाही, म्हणून तुमच्यापुरतं लिहिते: लेक असता, तरी मी उभी राहिले असते.