नागीण तुलाच सांगितली होती

चि. सौ. चांगुणेस, कामतघरला थोरल्या लेकाच्या घरून ठमाबायचा आशीर्वाद.

आधी धाकटा सागर आला, मागून त्याची वैशाली, आणि तिच्या पदराखाली आपला दीड महिन्याचा नातू! कान अगदी आपल्या बाबांचे. मी त्याला घ्यायला मांडी घालून बसले, तर वैशाली दारातच थांबली. "आई, तुम्हाला नागीण झालीय ना? चांगुणामावशी म्हणाल्या."

फोनवर एकट्या तुलाच सांगितलं होतं गं. नातवाला घ्यायचं म्हणून फोड लुगड्याखाली झाकले होते. सख्ख्या बहिणीनं असं करावं?

तू लावायला सांगितलेला गेरू डॉक्टरनं धुवायला लावला. कमरेला विळखा पुरा झाला की माणूस जातो, हेही खोटं म्हणे. दिवसातून पाच गोळ्या घेते, सैल सुती नेसते, नखं कापलीत. आग होते, पण ती काय, जाईल. खपली धरेपर्यंत तान्ह्याला लांब ठेवा, असं डॉक्टरही बोलला. म्हणजे तुझं खरं हाय. तरी आधी मला बोलायचंस.

तुझे गुडघे कसे हायत? माझ्या कोंबड्या सांजेला कोंडतेस ना?

तुझ्यावर रुसलेली,
ठमाबाय

राहिलंच. आज दोन फोडांवर खपली धरली. सागर बुधवारी बाळाला परत आणतो म्हणालाय.