तांब्यावरचं ओल्डेवार्ड

हार्लेम, १२ मार्च १६३१

निघाला! ओल्डेवार्डचा पहिला ठसा आज निघाला. दाबयंत्राचं चाक ओढून माझे खांदे भरून आले होते. बाबांनी ओला कागद कोपऱ्याला धरून सावकाश उचलला — आणि गावच वर आलं. चर्च, पवनचक्की, बांध, बांधावर वाळत घातलेली जाळी. जाळी एका बाजूला झुकलीत. बाबांनी एवढ्याशा कोरणीने वारासुद्धा कोरलाय! तांब्यावर सगळं उलटं कोरायचं, तरी कुठे हात चुकलेला नाही. खाली त्यांचं नावही सुलट उमटलंय: खोव्हर्ट.

मी तान्ही असताना समुद्राने हे गाव गिळलं. आई त्यातच गेली, बाबा मला उचलून पळाले. मला काहीच आठवत नाही. आज प्रथमच पाहिलं.

१३ मार्च

दिवसभर नुसती बघत बसले. वाटाण्याचं सूप करपलं. बाबांनी तसंच खाल्लं.

२१ मार्च

पुरातून वाचलेली माणसं चित्र बघायला येतात. बाबा त्यांना अजून खोदून खोदून विचारतात — विहिरीला कठडा होता का, छपराला गवत की कौलं? ती सांगतील ते लगेच तांब्यावर कोरतात. म्हातारपणी विसरायला लागलेत, दुसरं काय.

२६ मार्च

बाबा कागद आणायला गेले होते. होर्नहून दिउवरआजी आली, ओल्डेवार्डची पाववाली. ठशावर बोट न टेकवता, नुसतं वरून फिरवत ती दारोदार गेली, जणू पावाची पाटी डोक्यावर आहे. इथे तिघे भाऊ, इथे बहिरा सुतार. मग एका दाराशी थांबली आणि अॅप्रन डोळ्यांना लावला.

जाताना मी म्हटलं, आमचंही घर दाखवा की.

"गावातल्या प्रत्येकाला मी पाव दिलाय, पोरी," ती म्हणाली. "गाव अगदी खरं आहे. पण खोव्हर्ट नावाचा कोरणारा आमच्यात कुणी नव्हता."

२७ मार्च

विचारलं. बाबांनी कोरणी खाली ठेवली. ते गाव त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. पुरानंतर मी त्यांना ओल्डेवार्डहून वाहत आलेल्या होडीत सापडले.

"तुझं घर कुठलं, ते कुणालाच सांगता येईना," म्हणाले. "म्हणून सगळीच कोरली."