बुटक्या पायरीचा लोडर

मी, खाली सही करणारी, जुन्या अवजड यंत्रांची पारख करून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. धाक घालील असे घरात आता कोणी उरलेलेही नाही. डॉक्टरांनी माझे हृदय तपासले आणि जे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले तेच मला सांगितले: चालेल, पण भरवसा धरू नका. म्हणून ही तयारी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास तो थापा मारतो आहे असे समजावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने करावी. ती दातांची डॉक्टर आहे. तिचे वडील आणि मी एकमेकांशी बोलत नाही हे ती लहानपणापासून पाहत आली, तरी दर रविवारी न चुकता येते, आणि इकडचे तिकडे करत नाही. निदान माझी तशी समजूत आहे. तिने परसातल्या लोडरच्या बकेटचे झिजलेले दात एकदा पाहिले आणि म्हणाली, "आत्या, यातले दोन काढावे लागतील." त्या दिवसापासून ती माझी आवडती.

कलम २. राहते घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह आणि गळक्या नळासह, भाचीला. मागची खोली तिने भाड्याने देऊ नये. त्या खोलीच्या खिडकीतून परस दिसते. दुपारी तिथे बसले की पत्र्याच्या छपरावरून परतलेला उजेड छतावर हलत राहतो आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटते. मी हे तिथेच बसून लिहीत आहे. अशा खोलीत भाडेकरू ठेवला तर तो दिवसभर लोळत पडेल आणि भाडे देणार नाही.

कलम ३. बँकेत जे काही आहे तेही भाचीला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. माझी हत्यारे. पान्यांचा संच, पहारी, लोहचुंबक आणि बॅटरी शेजारच्या गॅरेजवाल्याला द्यावीत. माझ्याकडून उसने नेलेले त्याने कधी परत केले नाही, तेव्हा निम्मी तशीही त्याच्याकडेच आहेत. मात्र लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर भाचीने ठेवावा. त्याचे टोक चालत्या इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली की आतले सगळे ऐकू येते. माणसाच्या छातीवर तो लावून पाहू नये. मी पाहिला आहे; ऐकू येत नाही.

एका स्थळाकडच्या मुलाने चहा घेताना माझ्या नखांतला काळा तेलकटपणा पाहून विचारले होते, "हे जात नाही का?" त्याला काही ठेवलेले नाही. हे कलमात बसत नाही असे वकीलबाई म्हणतात, पण ज्यांना काही द्यायचे नाही त्यांचीही नोंद असावी असे मला वाटते.

कलम ५. भंगारवाल्यास ऑइलचे सर्व रिकामे डबे. हा गृहस्थ कित्येक वर्षे फाटकात उभा राहून माझ्या लोडरकडे किलोच्या नजरेने पाहत आला आहे. दर वेळी विचारतो, "बाई, मग कधी?" डबे नेताना त्याने परसाच्या त्या भागाकडे पाठ करून उभे राहावे.

कलम ६. लोडर. हे कलम लांबेल. वकीलबाईंनी आवरते घ्यायला सांगितले आहे. मी नाही म्हटले आहे.

परसात चाकांऐवजी लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणारा, पुढे माती उचलायची बकेट असलेला एक फार जुना लोडर उभा आहे. एके काळी तो पिवळा होता. साखळ्यांमधून गवत वर आले आहे, धुराच्या नळकांड्यावर मी डबा उपडा घातला आहे, आणि बकेटमध्ये पावसाचे पाणी साठते. त्यात चिमण्या अंघोळ करतात. वारा नसला की त्यात अख्खे आभाळ उतरते, आणि पाहता पाहता मला वाटते की हे यंत्र माती नव्हे, आभाळच उचलायला निघाले होते आणि वाटेत विसावले.

हा लोडर सुरू होत नाही. माझ्याकडे आला तेव्हाही होत नव्हता.

मला तो एका बंद पडलेल्या खाणीत भेटला. एका ठेकेदाराला तो विकत घ्यायचा होता आणि पारख करायला त्याने मला नेले होते. माझी एक रीत आहे. यंत्राला हात लावण्याआधी मी त्याच्याभोवती फिरते, मग थोडा वेळ नुसती बसते. विकणारे तेवढ्यात खूप बोलतात. यंत्र काही बोलत नाही, म्हणून त्याचे जास्त ऐकावे. त्या दिवशी फिरता फिरता मी डाव्या बाजूला आले आणि तिथेच थबकले. मूळच्या पायरीखाली आणखी एक बुटकी पायरी जोडलेली होती, वेल्डिंग थोडे वाकडे. ती पायरी माझ्या वडिलांनी माझ्यासाठी जोडली होती, कारण लहानपणी माझे पाय वरच्या पायरीला पुरत नसत.

मी ठेकेदाराला काही सांगितले नाही. आधी काम केले. ऑइलचा वास घेतला, जळका नव्हता. इंजिनाला पहार लावून हाताने फिरवले. जाम झालेले इंजिन हलत नाही, आणि आतून संपलेले इंजिन सहज फिरते. हे अर्धे फिरले आणि त्याने पहार माझ्या हातावर परत ढकलली. सुरू न होणाऱ्या यंत्रात आपल्याला एवढेच हवे असते, की त्याने हाताला उत्तर द्यावे. मी ठेकेदाराला म्हणाले, "साखळ्या झिजल्यात, पण इंजिन चांगलं आहे. घ्या."

"सुरू तर होत नाही की."

"एकट्याने होणार नाही. दोघं लागतात."

त्याने विकणाऱ्याकडे पाहिले, विकणाऱ्याने माझ्याकडे, आणि दोघांचेही मत पडले की बाईंचे वय झाले. सगळ्या कारकिर्दीत माझा सल्ला धुडकावणारे ते पहिलेच गिऱ्हाईक. मी त्याचे मनापासून आभार मानते. संध्याकाळपर्यंत लोडर माझा झाला होता.

आता दोघे का लागतात ते सांगते. या लोडरचे मोठे डिझेल इंजिन एका छोट्या पेट्रोल इंजिनाने फिरवावे लागते. त्या छोट्याला आम्ही पिल्लू म्हणत असू. पिल्लाला दोरी गुंडाळून ओढायचे. ते फडफडू लागले की एक दांडा दाबून त्याचे दाते मोठ्या इंजिनात अडकवायचे. दांडा जागेवर धरून ठेवणारा खटका फार पूर्वी तुटला. वडिलांनी नवा बसवला नाही. म्हणायचे, "घरात चार हात रिकामे आहेत, खटका कशाला?" म्हणून धाकटा भाऊ खाली उभा राहून दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायचा आणि मी वर बसून कान देऊन ऐकायची. मोठ्या इंजिनाने पुरेसा वेग घेतला की मी ओरडायची, "आता," आणि डिझेल सोडायची. तो दांडा सोडायचा. मग सगळे परस थरथरायचे, आणि आम्ही दोघे कारण नसताना हसायचो.

वडील गेल्यावर मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेले. एकदा सुट्टीला घरी आले तर परसात फक्त साखळ्यांचे माग होते. भावाने लोडर विकला होता. "सुरूच होत नव्हता," एवढेच तो म्हणाला. माझा पत्ता त्याच्याकडे होता. मला न विचारता विकला, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. त्यानंतर आमचे बोलणे संपले. लग्नकार्यांत आम्ही मांडवाच्या दोन टोकांना बसतो, आणि भाची मधून फेऱ्या मारते.

नवा खटका बसवायला अर्धा दिवस पुरला असता. भाचीने दांडा धरायची तयारी दाखवली, गॅरेजवाल्यानेही. मी दोघांनाही नको म्हटले. का, असे भाचीने विचारले तेव्हा मी तिला गळका नळ बघायला पाठवले. इथे लिहिते: मला तो लोडर सुरू झालेला ऐकायचा आहे, पण दांड्यावर माझ्या भावाचे हात असतील तरच. मला त्याची आठवण येते. हे मी त्याला तोंडावर सांगणार नाही, म्हणून कागदावर.

दुपारी डोळा लागला की मला एक स्वप्न पडते. लोडर आवाज न करता परसातून निघतो. गवत बाजूला होते, कुंपण वाट देते. बकेटमध्ये वडील पाय सोडून बसलेले असतात आणि पाण्यात बोटे बुडवत असतात. मी वर असते. खाली दांड्यापाशी कोणीतरी चालत असते. त्याचे तोंड दिसत नाही, हात दिसतात. मी "आता" म्हणायला तोंड उघडते आणि जागी होते. छतावर उजेड हलत असतो.

म्हणून सदर लोडर, बुटक्या पायरीसह, मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. अट एकच. मला विचारल्याशिवाय त्याने तो विकू नये. त्या वेळी मी नसेन हे मला कळते. तरी विचारावे. मागच्या वेळी मी होते, आणि विचारले नव्हते.

कलम ७. पिल्लाला गुंडाळायची दोरी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यावर टांगलेली आहे. तीही भावाला. भिजू देऊ नये.

वरील सात कलमे लिहून झाली तेव्हा आज दुपारी सह्यांसाठी वकीलबाई आल्या. साक्षीदार दोन लागतात. एक त्या स्वतः. दुसरा गॅरेजवाला यायचा होता, तो अर्थातच आला नाही. आम्ही वाट पाहत असताना फाटक वाजले. भंगारवाला असेल म्हणून मी खिडकीतून पाहिले. परसात माझा भाऊ उभा होता. भाची इकडचे तिकडे करते हे मला त्या क्षणी समजले. कलम १ मधले वाक्य मी खोडलेले नाही, पण ते माफीसह वाचावे.

तो घराकडे आलाच नाही. लोडरभोवती हळूहळू एक फेरी मारली. केस सगळे पांढरे, चाल वडिलांची. डाव्या बाजूला वाकला आणि बुटक्या पायरीवर तळहात ठेवून बराच वेळ तसाच राहिला. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "डावी साखळी सैल आहे."

"उजवीही आहे," मी म्हणाले.

"तू गेल्यावर मी रोज प्रयत्न केला, ताई. एका हाताने दांडा धरायचो आणि दुसऱ्याने वर चढायचो. नाही जमायचं."

"विचारायचं होतंस."

"काय विचारणार? नोकरी सोडून ये, असं?"

मी त्याला आत ये म्हणाले. तो आला. भाचीने रविवारी हे कागद वाचून कलम ६ बद्दल त्याला आधीच सांगितले होते, तरी त्याने ते इथे बसून स्वतः वाचले. वाचताना चष्मा दोनदा पुसला. मग म्हणाला, "साक्षीदार हवाय ना? मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार झालात तर यातलं तुम्हाला काहीच मिळणार नाही. साक्षीदाराला दिलेली वस्तू रद्द होते."

"माहीत आहे. म्हणूनच करतोय," भाऊ म्हणाला. "हिच्यामागे ते धूड घेऊन मी एकटा काय करू? पुन्हा सुरूच होणार नाही." मग माझ्याकडे वळला. "दोरी कुठे आहे?"

मी दाराकडे बोट दाखवले. पण अगोदर सह्या, असे वकीलबाईंनी दरडावून सांगितले, म्हणून या सह्या.

मृत्युपत्र करणारीची सही, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: (सही) त्याची ताई

साक्षीदार पहिली: (सही) वकीलबाई
साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, मिळकतीवर हक्क नाही

ठिकाण: घराची मागची खोली. तारीख वकीलबाई आकड्यांत घालतील. मी एवढेच लिहिते: गुरुवार, दुपार, वारा नाही.

पुरवणी, पुढच्या सोमवारी जोडलेली, त्याच साक्षीदारांसमक्ष:

कलम ६ कायद्याने रद्द झाल्यामुळे लोडर आता भाचीला देत आहे. दांडा धरणारा दुसरा माणूस तिने स्वतः शोधावा, आणि विकायचा झाल्यास आम्हा दोघांनाही विचारावे. नळकांड्यावरचा डबा सापडणार नाही. तो शनिवारी उडून शेजारच्या छपरावर गेला. बकेटमधले पाणी सांडले आहे, चिमण्या रागावल्या आहेत, आणि भंगारवाला फाटकात टाळ्या वाजवत होता म्हणून कलम ५ मधली पाठ करून उभे राहण्याची अट मी मागे घेते.

कलम ७ मधील दोरी खिळ्यावर नाही. ती वापरात आहे.

(सही) (सही) (सही)