निळा कागद, पिवळा कागद

५ सप्टेंबर, गुरुवार

पोहोचले एकदाची! दोन बॅगा, एक पाठपिशवी आणि आईने निघताना शेवटच्या मिनिटाला कोंबलेली लोकरीची टोपी, एवढ्या ऐवजासह मी आता परदेशी शिकणारी विद्वान मुलगी आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीला चिकटलेला हीटर आणि खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. खाली घरमालकीण राहतात. त्यांना मी मनातल्या मनात काकू म्हणायला लागलेसुद्धा, कारण पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी माझं वय, वजन आणि लग्नाचा विचार, तिन्ही विचारून घेतलं.

ही वही दादाची भेट. तो म्हणाला, रोज लिहीत जा. मी म्हटलं, रोज जमेल याची खात्री नाही, पण लिहीन ते खरं लिहीन. यावर तो बराच वेळ हसला. लहानपणापासून ओळखतो मला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

संशोधनाचा विषय मंजूर झाला: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. माझ्या मार्गदर्शक मॅडमनीच सुचवलं की इथल्या भेट-मंडळात स्वयंसेवक हो, म्हणजे सेवाही होईल आणि मुलाखतीही मिळतील. अट एकच. ओळीने बारा आठवडे एकाच माणसाच्या मुलाखती हव्यात. एक जरी आठवडा चुकला तरी ती माहिती धरायची नाही.

मंडळ चालवणारे गृहस्थ घरातसुद्धा टोपी काढत नाहीत, म्हणून ते टोपीकाका. त्यांची पद्धत मोठी गमतीची आहे. एक म्हातारं माणूस आणि एक बाहेरगावची विद्यार्थिनी, अशी जोडी लावतात. दर गुरुवारी चार वाजता भेटायचं. मी तिच्याबद्दल निळा कागद भरायचा, तिने माझ्याबद्दल पिवळा. दोन्हीवर तेच पाच प्रश्न: उठून बसली का, जेवली का, घर उबदार आहे का, बोलली का, एकंदर ठीक आहे का. शुक्रवारी सकाळी कागद वाचनालयातल्या पेटीत टाकायचे. निळा मंडळाकडे राहतो. पिवळ्याची एक प्रत काकूंना आणि एक फोटो थेट माझ्या आईला जातो. आई खूश! कागद आला नाही किंवा कोरा आला, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्वतः जाऊन बघतं. ‘ठीक’ लिहिलं असेल तर कोणी जात नाही, कारण माणसं कमी आहेत.

माझ्या वाट्याला आल्या निवृत्त शिक्षिका. वय चौऱ्याऐंशी. त्यांना मी बाईच म्हणणार. गल्लीच्या टोकाला घर, खिडकीजवळ खुर्ची, कानामागे लाल पेन्सिल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संपलेल्या दिवसावर झोपण्यापूर्वी लाल फुली मारतात. मी न विचारताच निळ्या कागदावर पाच वेळा ‘हो’ लिहिलं, तर त्यांनी तो फाडला आणि नवा दिला. म्हणाल्या, विचारल्याशिवाय लिहायचं नाही, आणि यायचं नसेल तेव्हा कागद कोरा टाकायचा, म्हणजे दुसरं कोणीतरी येईल. मग मी एकेक प्रश्न विचारला. पिवळ्या कागदावर त्यांनी तिरक्या अक्षरात लिहिलं: मुलगी हुशार आहे, बोलता बोलता थापा मारते.

तासाभरात ओळखलं बाईंनी. दादाला सांगायला हवं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

चौथी भेट. बाई आता माझी वाट बघतात, तसं म्हणत मात्र नाहीत. घड्याळ बघून ‘चार मिनिटं उशीर’ एवढंच म्हणतात. आज लहानपणचं सांगितलं. एकुलती एक, ना भाऊ ना बहीण, म्हणून बाहुल्यांना ओळीत बसवून शिकवायच्या. त्यातली एक बाहुली फार ढ होती म्हणे. मी पोट धरून हसले. निघताना त्यांनी घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज गेले नाही. उद्या मॅडमसमोर चर्चासत्र, तक्ते अर्धवट, बाहेर झोंबणारा वारा. कोरा कागद टाकला असता, पण मग आठवडा चुकला आणि बारा आठवडे गेले पाण्यात. म्हणून खोलीत बसून निळा भरला. बाई ठीक. उठून बसल्या, जेवल्या, घर उबदार, बोलल्या. डाळिंबी स्वेटर घातला होता, धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. पिवळाही मीच भरला, तिरक्या अक्षरात. अक्षर इतकं हुबेहूब जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

पुढच्या गुरुवारी दोन तास जास्त बसेन.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नाही गेले. सर्दी. (थोडीशीच.) दुसऱ्यांदा लिहिताना हात अडला नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आजही नाही. मॅडमना सगळ्या मुलाखतींत धाकट्या बहिणीची गोष्ट सर्वांत आवडली. म्हणाल्या, ही आठवण किती जिवंत आहे. मला लाज वाटली. खरंच वाटली, पण आनंदही झाला, आणि तो लाजेपेक्षा जास्त होता.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जमेल तसं लिहिते.

चार वाजता गेले. सफरचंदं घेऊन गेले होते, माफी म्हणून. बेल वाजवली, मग किल्लीने दार उघडलं. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. खिडकी सताड उघडी. बाई पलंग आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर होत्या.

कॅलेंडरवर फुल्या सोळा ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सतराला पडल्या. गुरुवारी. त्यांच्या हाताशी लाल पेन्सिल आणि भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाल रेघा. मोजल्या. चार. चार दिवस त्या जिवंत होत्या.

मी शुक्रवारी कोरा कागद टाकला असता तर शनिवारी कोणीतरी आलं असतं. काहीच टाकलं नसतं तरी आलं असतं. नुसता आळस केला असता तरी बाई वाचल्या असत्या. मी कागद भरला म्हणून कोणी आलं नाही.

टोपीकाकांना फोन केला. ते येईपर्यंत मी बाही ओली करून त्या रेघा पुसल्या. कॅलेंडरचं पान फाडून खिशात घातलं. हे मी केलं, याच हातांनी. टोपीकाकांनी विचारलं की मागच्या गुरुवारी बाई ठीक होत्या ना, आणि मी हो म्हणाले. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गारठ्यात नक्की दिवस सांगणं कठीण, पण मुलीचा कागद आहेच. मग त्यांनी माझा कागद बघून मृत्यूची तारीख लिहिली.

सफरचंदं तिथेच राहिली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईंना पोचवायला चौघंच होतो. टोपीकाकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले शेवटी शेवटी तुझाच आधार होता तिला. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. वर्ष वाया जाईल, घरी परत पाठवतील, आईला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

संध्याकाळी काकूंनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, तुझा पिवळा कागद आला हो, ठीक आहेस वाचून बरं वाटलं. मी म्हटलं, कुठला कागद? त्यांनी दाखवला. कालची तारीख. तिरकं अक्षर. मुलगी ठीक. उठून बसली, जेवली, घर उबदार, बोलली. डाळिंबी स्वेटर घातला होता, धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली.

माझीच वाक्यं, शब्दाला शब्द. माझ्याकडे डाळिंबी स्वेटर नाही. मला बहीण नाही. आणि हा मी लिहिलेला नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल चार वाजल्यापासून हीटर बंद पडला आहे. हात लावला तर दगड. काकूंना सांगितलं तर त्या गोंधळल्या, म्हणाल्या आजच्याच कागदावर आहे की घर उबदार आहे. वर येऊन बघा म्हटलं तर गुडघे दाखवले. खालच्या मजल्यावर सगळं गरम आहे. फक्त माझ्या खोलीत तोंडातून वाफ निघते.

कागद कोण टाकतं, हे वाचनालयात विचारलं. तिथली ग्रंथपाल म्हणाली, तूच तर टाकतेस दर शुक्रवारी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काल चारपासून अन्नाचा कण गिळता येत नाही. घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. आज पिवळा आला: जेवली.

आईचा फोन. आनंदात होती. म्हणाली, कागदाचा फोटो बघितला, पोटभर जेवतेस म्हणे, तब्येत सुधारली असेल. मी सांगायला गेले की आई, मी कालपासून काही खाल्लेलं नाही. ती हसून म्हणाली, पुरे तुझ्या थापा.

पलंगाखाली चप्पल शोधताना भिंतीवर दिसलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर लाल रेघा. तीन. माझ्या भिंतीवर. ओल्या बाहीने पुसल्या. वाळल्यावर पुन्हा—

३ डिसेंबर, मंगळवार

पानभर लिहिलं आज. टोपीकाकांसाठी. सतरा ऑक्टोबरपासून सगळं: न गेल्याचं, खोट्या कागदांचं, पुसलेल्या रेघांचं. कॅलेंडरचं पान सोबत जोडलं. काढून टाका मला, घरी पाठवा, पण एकदा माझ्या खोलीत या. इतकं मोकळं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मंडळात जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग प्रेमाने हसले. म्हणाले, छान, तू ठीक आहेस हे बघून बाईंना बरं वाटलं असतं.

कागद हिसकावून बघितला. पिवळा होता. पाच ओळी. तिरक्या.

५ डिसेंबर, गुरुवार

चार वाजता आवाज गेला. घशातून नुसती हवा. उद्या लिहून येईल: बोलली.

आता एकच प्रश्न उरला. पहिला. उठून बसली का.

१० डिसेंबर, मंगळवार

पडले. गुरुवारची वाटसुद्धा बघितली नाही. पलंग आणि खुर्चीच्या मधे. कमरेखाली काही कळत नाही. फोन टेबलावर, हात पोचत नाही. वही पलंगाखाली होती, म्हणून—

हाताशी पेन्सिल आहे. लाल. माझ्याकडे लाल पेन्सिल नव्हती.

११ डिसेंबर

काकू वर आल्या होत्या. गुडघे दुखत असताना आल्या! दाराबाहेर पावलं थांबली. मी खुर्चीचा पाय ओढला, वाजवला, नखांनी जमीन खरवडली. त्या कोणाशीतरी बोलत होत्या. मग कागद उलगडल्याचा आवाज. मग म्हणाल्या, अगंबाई, ठीक आहे म्हणजे, मी उगाच आले.

उतरल्या. एकेक पायरी ऐकली.

बाईंनीही अशाच ऐकल्या असतील. मी न चढलेल्या पायऱ्या. बाई, माझं चुकलं. तुमची बहीण मी बनवली. स्वेटर मी बनवला. तुम्ही रेघा ओढत होतात तेव्हा मी तक्ते रंगवत होते—

१२ डिसेंबर, गुरुवार

चार वाजले. दारात किल्ली फिरली. खुर्ची करकरली. मान वर होत नाही. जुने बूट दिसतात फक्त. घड्याळाची टिकटिक.

विचारत नाहीयेत काही. विचारल्याशिवाय लिहायचं नाही, त्याच म्हणाल्या होत्या. विचारा ना, बाई. खरं सांगेन. नाही उठले. नाही जेवले. घर उबदार नाही. ठीक नाही. मी ठीक नाही—

कळलं. कोरा. कोरा कागद असला की कोणीतरी येतं. हे पान कोरं ठेवायचं. आता थांबते. पेन्सिल खाली ठेवते. एक अक्षरही

मुलगी ठीक आहे. उठून बसली. जेवली.

हे मी नाही लिहीत. हात माझा आहे, अक्षर तिरकं—

घर उबदार आहे. बोलली. डाळिंबी स्वेटर घातला होता. धाकट्या बहि