दोन आठवडे जादा

३ मार्च, सकाळी ६
नव्या जागेवर पोचलो. टगबोटींनी तेलविहीर खोदायची रिग ओढत आणली, मी तिचे तिन्ही पाय खाली सोडले. पाय समुद्राच्या तळाला टेकले की टाक्यांत पाणी भरून वजन वाढवायचं, म्हणजे काय रुतायचं ते आत्ताच रुततं. मग पाणी सोडून अख्खी रिग लाटांच्या वर उचलायची. माणसं, भटारखाना, हेलिपॅडसकट. हे सगळं मी करतो. इंजिनिअर शेजारी असतो, पण बटणं माझ्याकडे.
संकल्प : घरी रोज फोन.

५ मार्च
फोनला रांग. उद्या.

९ मार्च
फोन केला. बायकोला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. एक तारखेला आमच्या लेकीला, चिमणीला, घेऊन जाणार म्हणाली. आवाज एकदम शांत. म्हणजे राग गेला. मी म्हटलं, तीसला येतोय, बसून ठरवू. म्हणाली, ठरलंय.
चिमणीने विचारलं, पुस्तकं भरायला तू असशील ना? शंभर टक्के, म्हटलं.

१७ मार्च
ड्रिलिंग जोरात. विहीर रोज खाली चाललीय. रिग एकदा उभी राहिली की मला काम नाही. दिवसातून दोनदा पाय जागेवर आहेत का पाहतो. असतात.
बायकोला पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय’पर्यंत छान जमलंय.

२६ मार्च
माझ्या जागी येणारा आजारी पडलाय. मॅनेजरने विचारलं, विहीर संपत आलीय, रिग हलवायला दोन आठवडे जादा थांबतोस का? नाहीतर दुसऱ्या रिगवरून माणूस मागवतो. दुसऱ्या रिगवरून! माझ्या बटणांना परका हात? हो म्हणून मोकळा झालो.
घरी कळवलं. बायको ‘बरं’ म्हणाली. समजूतदार आहे. चिमणी फोनवर आली नाही. अभ्यास असणार.

१ एप्रिल
विहीर पूर्ण. पण समुद्र खवळलाय. अशा लाटांत रिग खाली पाण्यावर उतरवता येत नाही, पाय आपटतील. थांबलोय.
आज घरी टेम्पो आला असेल. मेहुणा आहे मदतीला. त्याला धड गाठ मारता येत नाही.

८ एप्रिल
लाटा तशाच. घरचा फोन लागत नाही. बायकोच्या मोबाइलवर उद्या करतो.

१५ एप्रिल
माझ्या जागचा ठणठणीत होऊन आला. मी हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर. ऑफिसात कळलं, समुद्र शांत झाला, दुपारीच रिग उतरवायला घेतली. काही अडलं नाही म्हणे.

१६ एप्रिल, संध्याकाळी
बसने त्यांच्या गावी गेलो. दोन खोल्या, नीटनेटक्या. पुस्तकं भिंतीवरच्या फळीवर लावून झालेली. बायको म्हणाली, येण्याआधी फोन करत जा. ‘करत जा’ म्हणाली, म्हणजे येत जा असाच अर्थ होतो.
चहा चिमणीने केला. अकरा वर्षांची आहे. बोलायला लागल्यापासून मला ‘ए बाबा’ म्हणते. आज स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, तुम्ही साखर किती घेता?”
मुलीला चांगलं वळण लागलंय, असं लिहिणार होतो.
लिहवलं नाही.