अजिंठ्याच्या भिंतीवरचा हात

मार्ग. शु. २, अमरावती
कचेरीतल्या साहेबाचा हुकूम आला. मोगलाईत अजिंठ्याच्या लेण्यात भिंतीवर एक बाई काढलेली आहे, हात उचलून बसलेली. तिची नक्कल उतरवून आणायची, बोट न बोट. "हूबहू चाहिए." जमलं तर मुंबईच्या चित्रशाळेत पाठवतो म्हणाला. नाई जमलं तर आहेच कचेरी, शेताच्या बांधाचे नकाशे काढाले. बारा वर्षं बांधच काढून राहिलो. बापानं बांधावर झेंडू लावला, मी कागदावर बांध लावतो. मले जायचंच आहे.
पण गाडी मिळेना. गावातली एकूणएक गाडी कापूस वाहून राहिली. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, विलायतेले आता इथलाच कापूस लागते, अन् इथं माणसाले बसाले गाडी नाई.

शु. ३
गाडी मिळाली, पण सासऱ्याची. मूळचा तेल्हाऱ्याचा बुढा, आता इथंच राहते; कापसाचा भाव चढला तसे त्याचे डोळे फिरले. अट घातली, मी बी येतो अन् पोरीले बी घेऊन चाल. "माही मोगलाई पाहाची राहिली, जवाईबापू. एकडाव परमुलूख पाहून घेतो." म्हणजे कामाले चाललो का जत्रेले? ही खूष. सकाळपासून लाडू बांधून राहिली. उद्या निघणं.

शु. ७, अकोला
पेठेत पाय ठेवला अन् नाकाले उपरणं लावलं. कापूस, शेण, मूत, चिखल, सगळं एक. त्यातच लोक बसून जेवून राहिले. ओळखीच्या अडत्याकडं उतरलो. त्याचे गडी कापसाच्या ढिगावर पाणी शिंपडत होते. बुढ्यानं स्वतः ओंजळ भरून शिंपडून दाखवलं. "पाणी मारलं का माल वजनाले भरते. अन् उठून बी दिसते." हे हसत सांगतलं. जरीचा कोट, त्यावर पानाचा लाल ओघळ. असा माणूस माहा सासरा. हिले म्हटलं, तुह्या बापाले सांग, थुंकाले गाडीच्या बाहेर तोंड काढत जा म्हणा. उठून बापाजवळ जाऊन बसली.

शु. १४, फर्दापूर
हद्द ओलांडली. चौकीवरच्या शिपायानं माह्या रंगाच्या पुड्या सोडल्या, हुंगल्या. हिरवी तर जिभेवर ठेवली. मग माह्याच धोतराले बोट पुसलं. बुढा म्हणे, "हाच का परमुलूख? माती तर आपलीच दिसते." त्याले काय वाटलं होतं, माती निळी राहते?

पौर्णिमा, लेणी
आत घोट्याइतकी वाघळांची घाण. वास डोक्यात बसला, जेवण गेलं नाई. कोण्या गोसाव्यानं आत चूल मांडली होती, भिंत काळी. शिकारीले आलेल्या साहेबांनी चाकूनं नावं कोरली, आपल्या लोकांनी खिळ्यानं. एकानं तर चित्रातल्या राजाच्या छातीवरच. हात लावला तिथं चिकट. माणसाची जात लय घाणेरडी.
मग ती बाई दिसली. मी खालीच बसलो. कपडे भरले, तरी बसलो. कोणी काढली असन? मले दहा जन्मात नाई जमणार. ही मांगून आली, पदर नाकाले लावलेला. तिनं पदर सोडला अन् म्हणे, "दमलेली दिसते बापा." तेच. एवढंच लिहितो.

वद्य १
बुढ्यानं भिंतीवर लोटाभर पाणी मारलं! मी रंग कालवत होतो, वळून पाहातो तर हा दुसरा लोटा भरून उभा. "उठून दिसते ना आता?" दिसतच होती, एका दमात सगळे रंग वर आले. अन् पायाजवळची नखाएवढी खपली खाली पडली. मी नाई नाई ते बोललो. अक्कल गहाण टाकली का, तुमी माणसं का ढोरं, हे त्याच्या पोरीसमोर. बुढ्यानं लोटा पालथा घातला. मग बैलांकडं गेला.

वद्य ३
चेहरा झाला, अंग झालं. राहिला तो उचललेला हात. त्यावर चुलीचा धूर बसलेला, बोटं दिसतच नाई. अंदाजानं काढू? साहेब हुबेहूब म्हणाला. कडबा संपला, उद्या निघावंच लागते.
दुपारी बाप-लेक धबधब्याचं कुंड पाहाले गेले. गाडीच्या आखासाठी आणलेलं तेल होतं. फडक्याले थोडंसं घेतलं. फक्त हातावर. मी हळू फिरवलं, फार हळू.
हात वर आला. नखं सुद्धा. करंगळी जराशी वाकलेली, ते तर कोणालेच माहीत नसन. उजेड होता तोवर काढत राहिलो. असा हात मी कधी काढला नाई. खरं लिहितो, आनंदानं रडू आलं.

वद्य ४
सकाळी पाहाले गेलो. तेलावर धूळ, चिलटं, वाघळांची घाण, सगळं येऊन चिकटलेलं. काळा गोळा. पुसाले गेलो. हात फडक्यावर आला. भिंतीवर पांढरा चट्टा.
फडकं तसंच हातात धरून वळलो.
ही मांगं उभी होती. तिनं फडकं पाहिलं, भिंत पाहिली. म्हणे, "मंग बाबाले काहून बोलले तुमी?"
गाडी जुंपली.

वद्य ११, अकोला
रस्ताभर ही बुढ्यासोबत बोलली, माह्यासोबत नाई. बुढा अडत्याले परमुलखाच्या गोष्टी सांगून राहिला, जवाई कसा कारागीर, नक्कल पाहून देव खाली उतरन. मी नक्कल कोणाले उघडून दाखवली नाई.

पौष शु. १, अमरावती
साहेबानं नक्कल खिडकीपाशी नेली. त्या हाताकडं लय वेळ पाहिलं. "बहुत खूब." मुंबईचं पत्र लिहून तयार आहे, सही राहिली. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात मी स्वतः जातो, नक्कल भिंतीशी ताडून पाहातो. भिंतीची काय हालत आहे, कोणं काय खराब केलं, त्याची कैफियत परवापर्यंत लिहून दे. मी मान हालवली.

शु. २
बुढा घरी आला. हिनं सांगतलं असन. ओसरीवर बसला, पान खाल्लं नाई.
"माहं नाव लिह. अडाणी सासऱ्यानं पाणी मारलं, रंग गेला. साहेब मले काय करते? रागवन. तू मुंबईले जा."
मी म्हटलं, पाण्यानं खपली गेली, हात नाई गेला.
"त्याले काय माहीत?"
इतके दिवस या माणसाची शिसारी आली मले. त्याच्या थुंकण्याची, कोटाची, पाण्याची. आज माही मलेच आली. त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पडलो नाई. ही दारातून पाहात होती.

शु. ३
कैफियतीले बसलो. वाघळं लिहिली, चूल लिहिली, कोरलेली नावं लिहिली. मग लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांनी भिंतीवर पाणी मारले.' वाक्य खोटं नाई. त्यानं मारलंच होतं.
पुढची ओळ तेलाची, ती अजून कोरी. शिपाई ओसरीवर बसून आहे, कागद न्याले आला. हिनं त्याले पाणी दिलं अन् माह्याकडं येऊन विचारलं, "झालं का लिहून?"