घोटभर चहा

३ मार्च
पोहोचले एकदाची बिश्केकला! नारीनहून निघताना आईनं पैज लावलीय, आठवड्याभरात कुणाशी तरी कचाकचा भांडून परत येशील म्हणून. हरणार ती. नव्या नोकरीतल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बुरूल एजेंनी, म्हणजे बुरूलताईंनी, आल्याआल्या चहा दिला, प्याल्याच्या तळाशी घोटभर, पाहुणीचा मान राखून. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘निघा आता’. तो मला मिळालाच नाही. इथली माणसं किती गोड!

६ मार्च
काम मजेदार आहे. रक्तातल्या टी-पेशी लढवय्या, आणि आम्ही वाढवतो त्या पेशी त्यांना दडपणाऱ्या. या दडपणाऱ्यांमध्ये एक एन्झाइम असतं. ते जनुकांची अक्षरं बदलत नाही, नुसत्या खुणा करून काही जनुकं बंद करतं, काही उघडी ठेवतं. मग शेजारची कोवळी टी-पेशी लढायला शिकतच नाही, यांच्यातलीच होऊन जाते. परक्या शरीरातही या मजेत राहतात, हाकलणाऱ्यांनाच फितवतात. लबाड कुठल्या!

११ मार्च
त्याच पेशींची सुई अंगठ्यात घुसली. दवाखान्यात जाते म्हटलं, तर एजे म्हणाल्या, अगं पोरी, एवढ्याशा टोचण्याचं काय घेऊन बसलीस, बस, चहा घे. शेजारच्या टेबलावरच्या तोल्कुननं हसत स्वतःचा अंगठा दाखवला. त्यावर काळा डाग. मग सगळ्यांनीच आपापले दाखवले.

१७ मार्च
अंगठा निळा पडलाय. सूज नाही, ताप नाही, दुखतही नाही. मिनीबसमध्ये, मार्शरूत्कात, एकानं माझी जागा बळकावली आणि मी मुकाट सरकले. मी! स्वतःचं रक्त तपासलं. लढवय्या जवळजवळ संपल्यात. फार भीती वाटतेय. ते एन्झाइम बंद पाडणारं औषध फ्रीजरमध्ये आहे, किल्ली एजेंकडे. मागितली. देते गं, आधी चहा, म्हणाल्या. मी बसले.

२० मार्च
उद्या नूरूझ, नवं वर्ष. आई म्हणाली, सणाचा सुमोलोक चुलीवर चढवलाय, गव्हाच्या अंकुरांचा, ये. बॅग भरलीय. तळहात काळा— एजे ओततात, घोटभर— परत घोटभर— मला उठवतच नाही. किल्ली समोरच पडलीय. हात पुढे केला तर त्यानं प्यालाच उचलला—

२३ मार्च
आईचा फोन वाजत राहिला. घ्यायला हवा होता. रडू यायला हवं होतं—

२६ मार्च
नवी मुलगी आली. टॅक्सीवाल्याशी भांडून, तणतणत. किटली माझ्याकडे. ठरवलं— काठोकाठ भरायचा. समजेल ती, जाईल, वाचेल. ओतू लागले— हात आपोआप थांबला. घोटभरच. पोरगी खूश. म्हणाली, इथली माणसं किती—